ओळखीची खूण

मे महिन्यात जेलच्या कचेरीत शाई दौतीतच आटायची.
वाळ्याचे ताटे साहेबाच्या दाराला,
आम्हाला नुसता वास.
मी रोज सकाळी दौतीत थोडं पाणी घालायचो,
म्हणून त्या वर्षीची नावं जरा फिकी आहेत.

शहर संपून गोऱ्यांचे बंगले लागतात,
तिथवर झेंडा न्यायचा नाही, एवढाच हुकूम.
तिथवरच न्यायचा, एवढाच यांचा हट्ट.
रोज दहा-बारा निघायचे,
रोज दहा-बारा अडवले जायचे,
मग दंडाला सुतळीच्या खुणा घेऊन
माझ्या टेबलासमोर रांगेत.

नाव. बापाचं नाव. वय. धंदा. ओळखीची खूण.

बकाराम, मिलमधला,
करंगळीचं पेर साच्यात गेलेलं.
उमरेडचा एक पोरगा, मिसरूड फुटायचं बाकी,
वय अठरा म्हणाला. मी अठरा लिहिलं.
त्याने असं पाहिलं
जणू मी त्याला खिडकीतून पळून जाऊ दिलं.
एक पार मद्रासकडचा.
नाव चारदा विचारलं, चारदा वेगळं ऐकू आलं.
शेवटी टाक त्यानेच घेतला
आणि माझ्या रकान्यात
गरम जिलब्या सोडाव्यात तसं काही लिहिलं.
साहेब म्हणाला, हे काय?
मी म्हटलं, नाव.

जुलैत सुकाजी हेडाऊ आला.
आमच्या मागच्या आळीत त्याचा माग,
त्याच्या धोट्याच्या आवाजावर माझी पोरं झोपलेली.
माझ्या लग्नातलं धोतर त्याच्या हातचं,
काठ अजून विटला नव्हता.
मी मान खाली घालून विचारलं, धंदा?
"झेंडा धरतो."
हा धंदा होत नाही.
"सध्या हाच हाये. लिवा ना बाबू, काऊन थांबले?"
मी कोष्टी लिहिलं.
ओळखीची खूण?
तो जरा वाकला, आवाज उतरवून म्हणाला,
"तुम्ही तं ओयखता मले."

तेवढा रकाना कोरा राहिला.
कुणी तपासला नाही.

जप्तीचं कापड मोजून पोत्यात जायचं,
काठ्या मागच्या कोठीत.
कोठी भरली तेव्हा जेलर म्हणाला,
बाग आहे ना, रोवा तिकडे.
श्रावणात त्यांच्यावर वालाचे वेल चढले,
जांभळी फुलं आली,
शेंगा कारकुनांत वाटल्या.
बायकोने भाजी केली. कोवळी होती.
मी दोनदा वाढून घेतली
आणि तिला सांगितलं नाही
वेल कशावर चढला होता ते.

लोकांना वाटतं अशा वेळी माणूस
रात्रभर जागतो, सकाळी राजीनामा देतो.
मला झोप लागायची.
बावीस रुपये पगार, घरात सहा तोंडं,
आणि माझं अक्षर चांगलं होतं.
फक्त मागच्या आळीतला माग बंद होता,
तेव्हा धाकटी रडायची.
तिला थोपटताना मी तोंडानेच
खट्-खट्, खट्-खट् करायचो.

सुकाजी सुटून आला. पुन्हा विणू लागला.
रस्त्यात भेटला की "बाबू, बरं हाये ना?"
यापेक्षा जास्त त्याने कधी काही विचारलं नाही.
मी त्याच्याकडून धोतर घेणं मात्र सोडलं.
सत्तेचाळीसच्या आधीच्या उन्हाळ्यात तो गेला.

त्या ऑगस्टात बर्डीवर पाय ठेवायला जागा नव्हती.
चिखलात एका चपलेसह मी मागे उभा.
शेजारचा कॉलेजातला मुलगा म्हणाला,
"काका, तुम्ही तेवीस साली जेलात होता म्हणे?"
होतो, म्हटलं.
तो वाकला.
मी पाय मागे घेतला, पण जरा उशिराच.

सगळे वर, कापडाकडे पाहत होते.
मी काठीकडे.
चांगली सरळ होती, बांबूचीच,
माझी नजर खालून एकेक पेर मोजत
वेलासारखी वर चढत होती
आणि मधेच कुठेतरी थांबली.